नव्या संगणकावर जुना ‘डॅगरफॉल’

बेथेस्डा सॉफ्टवर्क्स या अमेरिकी कंपनीचा १९९६ सालचा ‘द एल्डर स्क्रोल्स : डॅगरफॉल’ हा रोल-प्लेइंग गेम २००९ मध्ये मोफत खुला करण्यात आला. मात्र तो थेट सुरू करू पाहणाऱ्यांची निराशा होते. गेम ‘डॉस’ प्रणालीसाठी लिहिलेला असून, विंडोजच्या ६४ बिट आवृत्त्यांवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत.

यावर उपाय ‘डॉसबॉक्स’ या मोफत सॉफ्टवेअरचा. जुन्या संगणकाची, अगदी साउंड कार्डासह, ते नक्कल करते. हार्ड डिस्कवरील एक फोल्डर ‘माउंट’ या आज्ञेने ‘सी’ ड्राइव्ह म्हणून जोडावे, गेमच्या सीडीतील फाइलींचे फोल्डर सीडी ड्राइव्ह म्हणून जोडावे आणि मग इन्स्टॉलेशन सुरू करावे. आवाजासाठी साउंड ब्लास्टर निवडून पोर्ट २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ हे आकडे द्यावेत. ते चुकल्यास गेम मुका राहतो. चित्र अडखळत असल्यास कंट्रोल-एफ१२ने वेग वाढवता येतो.

खरी मेख पुढेच आहे. भुयारांच्या जमिनीत राहिलेल्या अदृश्य फटींतून नायक अचानक काळ्या पोकळीत कोसळतो. त्यामुळे १.०७.२१३ हा पॅच बसवल्याशिवाय खेळ सुरूच करू नये. कोसळल्यावर ऑल्ट-एफ११ दाबल्यास नायक सुरक्षित जागी परततो. सेव्हही आलटून पालटून वेगवेगळ्या जागी करावे. एकमेव सेव्ह पोकळीतली निघाली, तर कित्येक तासांची मेहनत पाण्यात जाते.

एवढी खटपट नको असलेल्यांसाठी चाहत्यांनी नव्या इंजिनावर उभारलेला ‘डॅगरफॉल युनिटी’ आहे. मूळ गेमच्या फाइली मात्र त्यालाही लागतात.