जुन्या जीप पिकअपला परके इंजिन : आधी कागद, मग पाना

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यात मिळतात. त्यामुळे पांझरेच्या दोन्ही काठांना, शहरात आणि देवपुरात, मिस्तरी, लेथवाले, वेल्डर यांचा धंदा रुजला यात नवल नाही. या धंद्यात एक मागणी जुनीच आहे : “घरची पेट्रोल पिकअप उभी आहे, इंजिन बसले आहे, एखादे डिझेल इंजिन टाकून द्या.” टाकता येते. टाकावे का, याचा हिशेब मात्र आम्हाला वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

महिंद्रची एफसी-१५० पिकअप घ्या. (ही कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने निघाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले.) या गाडीत विलिसचे चार सिलिंडरचे ‘हरिकेन’ इंजिन, सुमारे २२०० सीसीचे आणि ७५ अश्वशक्तीचे. इंजिन ताकदवान, पण पेट्रोल पिणारे. १९७३ नंतर पेट्रोल भडकले तसे लोक डिझेलकडे वळले. खुद्द महिंद्रने जीपमध्ये आधी ट्रॅक्टरचे आणि नंतर प्यूजोचे डिझेल इंजिन बसवले. मग मिस्तरींनी तेच केले तर त्यांना काय म्हणून दोष द्यावा?

काम मात्र चार बोल्टचे नाही. डिझेल इंजिनात हवा पेट्रोलच्या दुपटीहून जास्त दाबली जाते, म्हणून ब्लॉक जड आणि धक्के मोठे. चेसिसवर नवे माउंटिंग हवे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर अचूक कातलेली प्लेट हवी. तेथे केसभर फरक पडला तरी क्लच आणि बेअरिंग खाल्ले जाते. पुढचे पाटे बसतात आणि ब्रेक मात्र तेच जुने. पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा वायपर बंद पडतो, कारण डिझेलला तसा व्हॅक्यूम मिळत नाही. वेगळा पंप लावावा लागतो. स्टार्टरसाठी बॅटरीही मोठी लागते. एफसीमध्ये तर इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, केबिनच्या आत! ती उष्णता आणि तो आवाज दिवसभर सोसायचा ड्रायव्हरने.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ : उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. दहा किंवा अधिक वाहतूक गाड्यांच्या मालकाला सवलत मिळू शकते, पण तीही त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन घालण्यापुरती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला आणि आर.सी. बुकातला इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते. तेव्हा ज्याचे घर त्या गाडीवर चालते, त्याने जायचे कोठे?

दुसरी गोष्ट हौशी मालकांसाठी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. परके इंजिन घातले की हा दरवाजा बंद झालाच म्हणून समजा. म्हणजे ज्या गाडीला आज मान आणि किंमत आहे, तिची तीच किंमत आपण आपल्या हाताने घालवायची.

आमचे मत विचाराल तर हरिकेनच पुन्हा बांधावे. ब्लॉक शाबूत असेल तर स्लीव्ह, पिस्टन, बेअरिंग बदलून ते उभे राहते. वर्षानुवर्षे जीपमध्ये हेच इंजिन येत असल्याने ते उघडलेले उस्ताद अजून सापडतात. डिझेलचे भावही ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. पेट्रोलशी पूर्वीइतकी तफावत उरलेली नाही, मग बदलाचा खर्च निघायचा कधी?

इंजिन बदलायचेच असेल तर प्रथम आर.टी.ओ.ची लेखी परवानगी. गॅरेजवाल्या बांधवांनीही ती पाहिल्याशिवाय बयाणा घेऊ नये. जुने इंजिन विकत घेताना पक्के बिल, त्यावर इंजिन नंबर आणि ते कोणत्या गाडीतून काढले तिच्या कागदाची प्रत, एवढे हातात आल्यावरच पैसे मोजावेत. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर पोलीस आधी गॅरेजच्या दारात येतात.