चौथा पाय

कुत्र्याला पाय चार. पण तीन पायांवरही त्याचे भागते. पाय मोडलेले कुत्रे थोड्याच दिवसांत तीन पायांवर उड्या मारीत भाकरीच्या हाकेला येते. लोक म्हणतात, "बघा, आपलं आपण बरं झालं!" आम्ही म्हणतो, घोटाळा इथेच होतो.

तीन पायांवर भागते, म्हणून कुत्रे चौथा पाय टेकतच नाही. न टेकलेला पाय काही आठवड्यांत वाळतो. मांडीचे मांस झडते. गुडघा आखडतो. आत हाड जुळलेले असते, पण पाय लोंबतो तो लोंबतोच. उरलेल्या तीन पायांवर जास्तीचा भार पडतो आणि पुढे तेही दुखू लागतात. शेताची राखण करणारे कुत्रे रात्री डुकरांमागे धावेनासे होते. मग कोणीतरी त्याला पोत्यात घालून बाजारगावी सोडून येतो.

यातले पुष्कळ टळू शकते. हाड बसवणे हे डॉक्टरचे काम. पाय पुन्हा चालता करणे हे मात्र बरेचसे घरच्या माणसाचे काम आहे. त्याला पैसा थोडा लागतो, वेळ लागतो. रोजचा अर्धा-पाऊण तास, आणि तोही कित्येक आठवडे.

समजा, तुमच्या मोत्याला मोटारीचा धक्का लागला. दुखणाऱ्या कुत्र्याला मालक ओळखू येत नाही. ते चावते. म्हणून आधी धोतराच्या चिंधीने त्याचे तोंड बांधा. ओकत असेल किंवा दम लागला असेल तर मात्र बांधू नका. पाय धरून उचलू नका. फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर सरकवून घ्या आणि जनावरांच्या दवाखान्यात न्या. हाड मोडले, की सांधा निखळला, की शीर दुखावली, हे बाहेरून कळत नाही. न समजता चोळले तर मोडलेले हाड मांसात घुसायचे. आपल्या दुखण्याच्या गोळ्याही त्याला देऊ नका.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मार लागलेला नाही, आणि तरी कुत्र्याचे पाय लुळे पडले, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलला, तर ते पिसाळलेले असू शकते. अशा कुत्र्याला हात लावू नका, दवाखान्यात कळवा. ते चावले, ओरबाडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे जागा धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जा. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून घरच्या कुत्र्याला दरसाल लस टोचून घ्यावी.

आता मोत्याकडे येऊ. हाड बसले, पट्टी सुटली, "आता हलवा" असे डॉक्टरांनी सांगितले, की आपले काम सुरू होते. घोंगडीवर त्याला कुशीवर निजवा, दुखरा पाय वर ठेवून. कोमट पाण्यात फडके पिळून दहा मिनिटे शेका. फडके आधी आपल्या मनगटाला लावून पाहा. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. मग एक हात सांध्याच्या वर आणि एक खाली धरून सांधा हळूहळू मिटायचा, उघडायचा. आधी बोटे, मग घोटा, मग गुडघा, मग खुबा. एकेक सांधा दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. ओढाताण करायची नाही. जिथे अडेल तिथे क्षणभर थांबायचे. मोत्या मान वळवून पाहू लागला, अंग ताठ करू लागला, की समजावे, दुखते आहे. तेवढ्यावर सोडावे.

त्यानंतर चालणे. धावताना कुत्रे दुखरा पाय उचलून धरते. अगदी संथ चालताना त्याला तो टेकावाच लागतो. म्हणून दोरी आखूड धरा आणि वरातीत चालावे तसे चाला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे, दिवसातून तीनदा, मग थोडे थोडे वाढवीत न्या. आमच्या मते सगळ्यात मोलाचे काम हेच. पण लोक नेमके तेच टाळतात, कारण कुत्रे धावले की आपल्याला बरे वाटते! घरात गुळगुळीत फरशी असेल तर गोणपाट अंथरा. पाय घसरला की त्याची हिंमत जाते.

जखम पुरती भरली असेल, टाके निघाले असतील, तर पाण्यासारखा गडी नाही. पाणी अंग उचलून धरते. शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आहे. पाणी खुब्यापर्यंत असले, तर कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा साधारण ३८ टक्केच भार येतो. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला आपण आठ किलोचेही नाही असे वाटते. मोठ्या शहरांत यासाठी काचेची टाकी असते आणि तिच्या तळाशी फिरता पट्टा. अमेरिकेत तर २०१० साली या विद्येला पशुवैद्यकाची वेगळी शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे ओढ्याचा उथळ, संथ काठ आहे. तिथे दोरी धरून आपणही पाण्यात उतरावे. कालव्यात नको, ओढ मोठी असते.

पाठीचा कणा दुखावला असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टर पायाचे बोट दाबून पाहतात. पाय नुसता मागे ओढला तर त्याला फारसा अर्थ नाही, तो आपोआपही ओढला जातो. कुत्रे कण्हले किंवा वळून पाहिले, तर आशा बरी. असे कुत्रे मऊ अंथरुणावर ठेवावे आणि दर चार तासांनी कूस बदलावी, नाहीतर अंगाला जखमा पडतात. लघवी तुंबते; ती पोट दाबून काढायची रीत डॉक्टरांपुढे स्वतः हात लावून शिकून घ्यावी. उभे करताना पोटाखालून पंचा घालून मागचे अंग उचलून धरावे. काही कुत्री महिना-दोन महिन्यांनी पाय टाकू लागतात. काही टाकीत नाहीत. त्यांना मागे दोन चाकांची गाडी बांधतात, आणि ती गल्लीभर हिंडतात.

मांजराची तऱ्हा निराळी. ते दुखणे लपवते. लंगडत नाही, फक्त उंच उडी मारायचे बंद करते. दोरी बांधून ते चालायचे नाही, पाण्यात तर मुळीच उतरायचे नाही. त्याच्याकडून खेळ म्हणून काम करून घ्यावे. दोन-तीन मिनिटे सुतळीचे टोक हलवावे, मग सोडून द्यावे. दुधाची वाटी जमिनीवर न ठेवता आधी पाटावर, मग एका पायरीवर ठेवावी, म्हणजे ते मागचे पाय ताणते. त्याला तापाची पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

आणि ते पुन्हा शिंक्याकडे उड्या मारू लागले, की दूध झाकून ठेवायला लागा.