सायकल पडवीत शिकावी की रस्त्यावर?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या सात जणींनी सायकल शिकायचं ठरवलं. गावात एसटी दिवसातून दोनदाच. बँकेत हप्ता भरायला गेलं की अख्खी मजुरी बुडते. पण बाहेर चिखल, म्हणून आम्ही सायकल डबल स्टँडवर उभी केली आणि महिनाभर पडवीतच पायडल मारले. उघडीप मिळताच एकजण थेट डांबरी रस्त्यावर गेली आणि पहिल्याच वळणाला पडली. गुडघा फुटला. घरचे म्हणाले, "पुरे झाली सायकल." चूक तिची नव्हती, आम्हा सगळ्यांच्या समजुतीची होती.

स्टँडवर मागचं चाक हवेत फिरतं. त्यामुळे पायांना पायडलची सवय होते, थोडा दम वाढतो, भीती मोडते. शहरातले सायकलपटूही पावसात घरात सराव करतात, पण त्यांच्या यंत्रात चाकाला अडवणारा जोर असतो. आपल्या स्टँडवर चढणीचा जोर लागत नाही. शिवाय वारा नसल्याने घाम सुकत नाही. खिडकी उघडी ठेवावी, मधूनमधून पाणी प्यावं.

मात्र तोल स्टँडवर येतच नाही, कारण सायकल पडतच नाही. चालती सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते. हे हातांना कळायला मोकळी जागाच हवी.

म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, शाळेच्या मैदानावर. सीट इतकी खाली घेतली की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी पायडल न मारता पायांनी ढकलत गेलो. तोल आल्यावर पायडल. मग ब्रेक : दोन्ही एकदम, पण हळूहळू दाबायचे. पुढचा एकटाच कचकन दाबला तर माणूस पुढे फेकला जातो. चाकं ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा वेग आधीच कमी करायचा. पदर, ओढणी खोचून घ्यायची. सलवारीचा उजवा पायचा बांधायचा, कारण चेन उजवीकडे असते. हे सगळं जमल्यावरच रस्ता, तोही सकाळी, वर्दळ नसताना, डाव्या कडेने.

"या वयात शोभतं का?" असं कुणी विचारलं, तर पुदुक्कोट्टईचं सांगा. तमिळनाडूच्या त्या जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर खेड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या.

तर मैत्रिणींनो, पावसात पडवी, उघडीप मिळाली की मैदान, आणि शेवटी रस्ता. पडलेली आमची मैत्रीण मागच्या महिन्यात गटाचा हप्ता भरायला सायकलवरून गेली आणि स्वयंपाकाच्या वेळेआधी परत आली. घरचे आता तिलाच दळण आणायला सांगतात!