सहरीला उठवणार कोण?

रमजानचा दहावा रोजा हजरत खदिजा (रजि.) यांच्या आठवणीचा मानला जातो. त्यांची सुमारे 25 वर्षांची साथ सुटली तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) पन्नाशीला आले होते. त्याच काळात पाठीशी उभे राहिलेले चुलते अबू तालिबही गेले. इतिहासात ते वर्ष 'आमुल हुज्न', म्हणजे दुःखाचे वर्ष, म्हणून ओळखले जाते. पुढेही घरी बकरे कापले की पैगंबर खदिजांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवत. पत्नीच्या आठवणीने हळवे होण्यात पुरुषाला कमीपणा नाही, हेच यातून दिसते.

आपल्याकडे मात्र पुरुषाने लगेच सावरायचे असते. विधवेला 4 महिने 10 दिवसांची इद्दत असते. त्या काळात बायका येतात, जवळ बसतात. तिचे पुढचे हाल मोठेच, पण तिच्या दुःखाला निदान अवधी मिळतो. पुरुषाला इद्दत नाही. जियारत झाली की तो दुकानात किंवा मार्केट यार्डात दिसतो आणि लोक म्हणतात, 'चाचा सावरले!' शेजारच्या आजोबांचेही तेराव्यानंतर असेच होते.

शरीर मात्र इतक्या लवकर सावरत नाही. 1957 मध्ये पत्नी गमावलेल्या, 55 वर्षांवरील 4,486 ब्रिटिश पुरुषांची नऊ वर्षे नोंद ठेवली गेली. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील 213 जण दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण 40 टक्के जास्त होते आणि सर्वाधिक वाढ हृदयविकाराच्या मृत्यूंत होती. 1969 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

कारण शोधायला दूर जायला नको. बीपीची गोळी हातावर ठेवणारी, भाजीत मीठ बेताने टाकणारी, नातेवाइकांशी येणे-जाणे राखणारी तीच होती. ती गेली की औषध चुकते, जेवण चहा-पावावर भागते, बोलणे थांबते. पिंपळगाव बसवंतला सध्या द्राक्षाचा हंगाम. मुले-सुना पहाटेच कामाला लागतात आणि दिवसभर घरात एकटे चाचा उरतात.

रमजानमध्ये ही उणीव आणखी जाणवते. सहरीला कोणी उठवत नाही, मग चाचा काही न खाता रोजा धरतात आणि इफ्तारला रिकाम्या पोटी भजी खातात. मधुमेह असेल तर हे धोक्याचे. रोजा धरण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला तर रोजा तिथेच सोडावा. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे. पुढेही रोजे झेपणार नसतील, तर प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदिया, देता येतो.

उपाय मोहल्ल्याच्या हातात आहे. पहाटे एक फोन करावा. नुसता डबा धाडू नये, चाचांना आपल्या दस्तरखानावर बसवावे. तरावीहच्या सफमध्ये त्यांची जागा दोन दिवस रिकामी दिसली, तर घरी जाऊन पाहावे. शेजारच्या हिंदू मित्रानेही संध्याकाळी ओट्यावर घटकाभर बसावे. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

पत्नीविना पहिली ईद सर्वांत जड जाते. त्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी घेऊन आधी त्यांच्या दारी जावे आणि वाटी रिकामी होईपर्यंत तिथेच बसावे.