रणजीच्या तक्त्यातली विदर्भाची ओळ

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली एसटी शहराबाहेर पडली की बुटीबोरीच्या आधी जामठा लागतं. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं मोठं स्टेडियम इथे, वर्धा रोडला लागून उभं आहे. २००८च्या नोव्हेंबरात भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली कसोटी इथे झाली. सौरव गांगुली आपला शेवटचा कसोटी सामना इथेच खेळला. सेलू-वर्ध्याकडच्या माणसाला सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानापेक्षा हे जवळ पडतं. अंतर हा मुद्दा अर्थात छोटा. मोठा मुद्दा असा की विदर्भाच्या क्रिकेटचा हिशेब मांडायला बसलं, तर जामठ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन वेगळे ताळेबंद निघतात.

विदर्भाचा संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला १९५७-५८च्या हंगामात. आदल्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले होते. राज्य वेगळं मिळालं नाही, संघ मात्र वेगळा उभा राहिला आणि आजही आहे. महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी खेळतात ते त्यामुळेच. त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाने इथला संघ खेळत असे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. पण त्यांच्या नेतृत्वाखाली रणजी जिंकली ती इंदूरच्या होळकर संघाने, तीही चार वेळा. नागपूरच्या वाट्याला त्यांचा जन्म आला, करंडक इंदूरला गेले.

पुढची पन्नास वर्षं मध्य विभागातली. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश आणि रेल्वे हे विदर्भाचे नेहमीचे प्रतिस्पर्धी. त्यातला राजस्थान १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि आठही वेळा हरला, त्यातल्या सात वेळा मुंबईकडून. जो संघ विभागात इतरांना पुढे सरकू देत नव्हता, त्याचीच मुंबईपुढे ही गत, तर त्याच विभागातल्या विदर्भाचं काय होणार? २००२-०३पासून स्पर्धेचे एलिट आणि प्लेट असे दोन भाग झाले आणि विदर्भ वर्षानुवर्षं प्लेट गटात, म्हणजे खालच्या पायरीवर, राहिला. नागपूरने या काळात मोठं क्रिकेट पाहिलं नाही असं नाही. १९८७च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माची हॅटट्रिक आणि सुनील गावसकरांचं एकदिवसीय क्रिकेटमधलं एकमेव शतक, दोन्ही एकाच दिवशी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झालं. मैदान गाजलं ते पाहुण्यांमुळे. प्रशांत वैद्यसारखा एखादा वेगवान गोलंदाज भारताकडून एकदिवसीय सामने खेळून आला, पण विदर्भाकडून खेळणारा कसोटीपटू मिळायला २०११ साल उजाडलं.

तो उमेश यादव. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. वयाची एकोणीस-वीस वर्षं होईपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला. तेव्हाचा विदर्भाचा कर्णधार, ऑफस्पिनर प्रीतम गंधे याने त्याला हेरलं आणि २००८-०९च्या हंगामात तो रणजीत आला. खेडोपाडी टेनिस बॉलने जोरात टाकणारी पोरं सगळ्याच जिल्ह्यांत असतात. नागपूरने तिकडे पाहायला सुरुवात केली, हा खरा फरक. पाठोपाठ असोसिएशनची निवासी अकादमी आली. गोलंदाजीचे प्रशिक्षक म्हणून सुब्रतो बॅनर्जी आले, आणि बाहेरच्या अनुभवी खेळाडूंना करारावर आणायचं धोरण ठरलं. त्या धोरणातूनच वसीम जाफर २०१५-१६मध्ये मुंबई सोडून विदर्भात आला.

मग २०१७-१८. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. दोन हंगामांपूर्वी त्यांनी मुंबईला करंडक जिंकून दिला होता आणि आदल्या हंगामात अंतिम फेरीत नेलं होतं. तरीही मुंबईने त्यांना सोडलं. शिस्तीबाबत त्यांची ख्याती प्रेमळ म्हणावी अशी नाही. कर्णधार फैज फझल, जो २००३-०४पासून विदर्भाकडून पडत-झडत खेळत होता. जाफर आदल्या वर्षी दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, म्हणून या हंगामात तो मानधन न घेता खेळला.

उपांत्यपूर्व फेरीत सुरतला केरळचा ४१२ धावांनी पराभव झाला, पण तेवढ्याने कोणी दचकलं नाही. दचकले ते कोलकात्याला. ईडन गार्डन्सवर कर्नाटकविरुद्ध विदर्भ पहिल्या डावात १८५ धावांत बाद झाला आणि ११६ धावांनी मागे पडला. दुसऱ्या डावात ३१३ धावा काढून त्यांनी कर्नाटकपुढे १९८चं लक्ष्य ठेवलं. शेवटच्या दिवशी सकाळी कर्नाटकचे सात गडी बाद होते, पण तळाच्या फलंदाजांनी धावा हळूहळू जमवत आणल्या. सिव्हिल इंजिनिअर असलेल्या रजनीश गुरबानीने उरलेले तिन्ही गडी टिपले. डावात सात, सामन्यात बारा. विदर्भ पाच धावांनी जिंकला. आधीच्या साठ वर्षांत असा सामना विदर्भ जिंकल्याचं उदाहरण शोधावं लागेल.

अंतिम सामना इंदूरला, होळकर स्टेडियमवर, दिल्लीविरुद्ध. (नायडूंची आठवण इथे कोणालाही यावी.) ध्रुव शोरीच्या १४५ धावांवर दिल्ली २९५पर्यंत पोहोचली, आणि तिथे गुरबानीने हॅटट्रिक घेतली, तिघेही त्रिफळाचीत, तिसरा खुद्द शोरी. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती केवळ दुसरी हॅटट्रिक. पहिली १९७२-७३मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. मग अक्षय वाडकरने आपलं पहिलं प्रथम श्रेणी शतक ठोकलं, १३३. आदित्य सरवटेने ७९ केल्या, सिद्धेश नेरळने ७४, आणि विदर्भ ५४७वर पोहोचला. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. विजयी धाव जाफरच्या बॅटमधून निघाली.

असा चमत्कार एकदाच होतो, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. उदाहरण ताजंच होतं. इंग्लंडमधला लेस्टर सिटी हा १८८४पासूनचा फुटबॉल क्लब २०१६मध्ये पहिल्यांदा लीग विजेता झाला, पुढच्या हंगामात बाराव्या क्रमांकावर घसरला आणि २०२३मध्ये तर खालच्या विभागात गेला. विदर्भाचंही तसंच व्हायला हरकत नव्हती. झालं मात्र वेगळं.

२०१८-१९मध्ये विदर्भाने करंडक राखला. जाफरने चाळिशी ओलांडून १०३७ धावा केल्या. उपांत्य सामन्यात वायनाडला उमेश यादवने बारा गडी बाद केले आणि केरळ दोन दिवसांत डावाने हरला. अंतिम सामना जामठ्यावर, सौराष्ट्रविरुद्ध. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी अवघ्या पाच धावांची. दुसऱ्या डावात विदर्भाने दोनशे केल्या, त्यातल्या ४९ सरवटेच्या. त्याच्या डावखुऱ्या फिरकीने सामन्यात अकरा बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्यालाच बळी पडला, १ आणि ०वर. विजय ७८ धावांनी. त्याच महिन्यात विदर्भाने इराणी करंडकही राखला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामात शहीद झालेल्या जवानांच्या कुटुंबांना दिली. आदल्या वर्षीच्या इराणीत याच मैदानावर जाफरने २८६ केल्या होत्या आणि विदर्भाने ७ बाद ८००वर डाव सोडला होता.

नंतरचे हंगाम सपक गेले. पंडित गेले आणि पुढे मध्य प्रदेशला २०२१-२२चा करंडक मिळवून दिला. जाफर २०२०च्या मार्चमध्ये निवृत्त झाला; खेळलेले दहाही रणजी अंतिम सामने जिंकलेला माणूस. २०२०-२१मध्ये कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही. या पडत्या काळात जामठ्यावर एक सामना असा झाला की त्याला तक्त्यात वेगळी ओळ हवी. जानेवारी २०२३, समोर गुजरात. विदर्भ पहिल्या डावात ७४ धावांत गारद. दुसऱ्या डावात कशाबशा अडीचशेच्या वर धावा झाल्या आणि गुजरातपुढे लक्ष्य उरलं ७३चं. गुजरात ५४ धावांत आटोपला. सरवटे १७ धावांत ६ बळी. रणजीच्या इतिहासात एवढं छोटं लक्ष्य कोणीच राखलं नव्हतं. आधीचा विक्रम बिहारचा, १९४८-४९मधला, ७८चा. हंगामाच्या निकालात या सामन्याने फारसा फरक पडला नाही, आणि म्हणून ही गोष्ट विदर्भाबाहेर कोणी फारशी सांगत नाही.

वर्ध्याच्या वाचकाला इथे आणखी एक नाव आठवेल. दर्शन नळकांडे, जन्म वर्ध्याचा, वेगवान गोलंदाज. २०२१च्या नोव्हेंबरात सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या डावाच्या शेवटच्या षटकात त्याने लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले. विदर्भ तो सामना चार धावांनी हरला.

२०२३-२४मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत आला. कर्णधार आता वाडकर. वानखेडेवर मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १०५ धावांत गुंडाळलं गेल्यावर ५३८चं लक्ष्य म्हणजे औपचारिकताच. तरी वाडकरच्या १०२ धावांच्या बळावर विदर्भ ३६८पर्यंत गेला. मुंबईचा हा बेचाळिसावा करंडक. पुढच्या वर्षी नागपुरात उपांत्य सामन्यात याच मुंबईला विदर्भाने ८० धावांनी हरवलं.

२०२४-२५चा अंतिम सामना समजून घ्यायचा तर गुणांचा नियम माहीत हवा. साखळीत निर्विवाद विजयाला सहा गुण, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला तीन आणि मागे पडणाऱ्याला एक. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर ही आघाडीच निकाल ठरवते. केरळ उपांत्यपूर्व फेरीत एका धावेच्या आणि उपांत्य फेरीत दोन धावांच्या आघाडीवर पुढे सरकून जामठ्यावर आला होता, आणि त्याच्या संघात होता आदित्य सरवटे. विदर्भ ३ बाद २४वर अडकलेला असताना दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ जोडल्या; दानिश १५३, नायर ८६. विदर्भ ३७९. केरळच्या सचिन बेबीने ९८पर्यंत झुंज दिली, सरवटेने ७९ केल्या. सात वर्षांपूर्वी इंदूरला विदर्भासाठी केल्या होत्या तेवढ्याच. नळकांडेने तीन गडी घेतले, हर्ष दुबे आणि पार्थ रेखडेनेही तीन-तीन. केरळ ३४२ धावांत बाद झाला; आघाडी ३७ची. मग नायरने दुसऱ्या डावात १३५ धावा ठोकून सामना केरळच्या आवाक्याबाहेर नेला. हंगामभरात दुबेने ६९ गडी बाद करून आशुतोष अमनचा ६८ बळींचा विक्रम मोडला.

नायर मूळचा कर्नाटकचा. २०१८च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून १४५ करणारा ध्रुव शोरीही आता विदर्भाकडून खेळतो. बाहेरच्यांच्या जिवावर जिंकता, असा टोमणा विदर्भाला ऐकावा लागतो. तो अर्धवट आहे. नायर पाहुणा, हे खरं. पण वाडकर, दुबे, मालेवार, यश राठोड आणि नळकांडे विदर्भातच घडले, आणि राठोडने त्या हंगामात ९६० धावा केल्या. पाहुण्याच्या शेजारी खेळायला घरचे असतील तरच पाहुण्याचा उपयोग होतो, हे पंडित-जाफरच्या वर्षीही दिसलं होतं.

२०२५च्या ऑक्टोबरात जामठ्यावरच शेष भारताला ९३ धावांनी हरवून विदर्भाने इराणी करंडक तिसऱ्यांदा घेतला. तेव्हा रणजी तीनदा आणि त्यानंतरची इराणीही तिन्ही वेळा, असा हा हिशेब झाला.

या हिशेबातल्या अलीकडच्या ओळी कुठेही वाचायला मिळतात. १९५७ ते २००८च्या ओळींत मात्र फक्त धावा आणि पराभव आहेत, माणसं नाहीत. विदर्भाकडून खेळलेली, किंवा त्या संघापर्यंत पोहोचण्यासाठी सायकलने सरावाला गेलेली, कितीतरी माणसं आज वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगावात सत्तरीच्या पुढे असतील. त्यांच्या घरात जुनी स्कोअरबुकं, वर्तमानपत्रांची कात्रणं, संघाचे फोटो असतील, तर ते कपाटात ठेवू नयेत. जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा महाविद्यालयाला त्यांच्या प्रती द्याव्यात, आणि जमलं तर त्यासोबत दोन पानं आठवणींची लिहून द्यावीत.