‘राहत्या घरी विणलेले’ : हॅरिसच्या कापडाची गोष्ट

एखाद्या वस्तूला तिच्या गावाचे नाव चिकटले की काही काळाने प्रश्न उभा राहतो : हे नाव वापरण्याचा हक्क कोणाचा? पैठणीला पैठणचे नाव आहे, पण आज तिचे बहुतेक माग येवल्यात चालतात. स्कॉटलंडच्या वायव्येला अटलांटिक महासागरात असलेल्या ‘आउटर हेब्रिडीज’ या बेटांच्या माळेतही असाच प्रकार आहे. लुईस आणि हॅरिस ही तिथली दोन नावे, जमीन मात्र सलग. मध्ये डोंगर आहेत एवढेच. जगप्रसिद्ध लोकरी कापडाचे नाव ‘हॅरिस ट्वीड’, पण त्याच्या गिरण्या लुईसमध्ये आहेत आणि बहुतेक विणकरही तिथलेच. तरीही या नावावरून त्यांच्यात फूट पडली नाही. याचे कारण मला एका व्याख्येत सापडते.

या कापडाला गेलिक भाषेत ‘क्लो मोर’, म्हणजे मोठे कापड, म्हणत. घरची लोकर, दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेला तांबूस रंग, घरचे सूत आणि घरचा माग. विणून झालेले कापड बायका टेबलाभोवती बसून ओले करून आपटत, मळत आणि सोबत गाणी म्हणत. जात्यावरच्या ओव्या ज्याने ऐकल्या आहेत, त्याला श्रम आणि गाणे यांचे हे नाते वेगळे समजावून सांगायला नको. १८४०च्या दशकात हॅरिसच्या जमीनदार घराण्यातल्या लेडी डनमोर यांनी हे कापड आपल्या उमराव वर्तुळात नेले आणि घरच्या वापराची वस्तू बाजाराची झाली.

बाजार आला की नक्कल येतेच. म्हणून १९०९मध्ये संघटना स्थापन झाली, ‘ऑर्ब’ हे बोधचिन्ह नोंदवले गेले आणि १९११पासून कापडावर त्याचा शिक्का बसू लागला. तेव्हाच्या नियमात सूतही हाताने कातलेलेच हवे होते. पण हातकताईचा वेग मागणीला पुरेना. १९३४मध्ये व्याख्या बदलली : सूत गिरणीत कातले तरी चालेल, मात्र गिरणी बेटांवरच हवी, आणि विणकाम बेटकऱ्यांनी आपल्या राहत्या घरीच करायचे. मुख्य भूमीवर कातलेले सूत वापरणाऱ्यांनी या नावावर हक्क सांगितला, तेव्हा प्रकरण एडिंबरोच्या न्यायालयात गेले. १९६४मध्ये न्या. हंटर यांनी बेटांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९९३मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदाच केला. लोकर शुद्ध हवी, पण ती बेटावरच्याच मेंढीची असावी असे बंधन नाही. रंगवणे, कातणे आणि शेवटचे संस्कार बेटांवर व्हावेत. विणणे हाताने व्हावे आणि तेही विणकराच्या घरी.

हा मजकूर प्रथम वाचताना मी ‘घरी’ या शब्दाशी थबकलो, कारण मनात आपली खादी होती. १९५६च्या आपल्या कायद्यानुसार खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे, हातमागावर, भारतात विणलेले कापड. तिथे पद्धत महत्त्वाची. देशात ते कुठेही विणले तरी चालते. हॅरिसने उलटा सौदा केला. हातकताई सोडली, लोकरीचे मूळ सोडले, पण घर सोडले नाही.

या हट्टाची कसोटी लागली ती १९६६मध्ये सुमारे ७६ लाख यार्डांचे शिखर गाठून मागणी घसरू लागल्यावर. रुंद कापड विणणारे यंत्रमाग कारखान्यांत बसवण्याची योजना १९७०च्या दशकात पुढे आली, आणि विणकरांनी ती मोठ्या बहुमताने फेटाळली. बाहेरून पाहणाऱ्याला हा आडमुठेपणा वाटेल. पण तिथला विणकर निव्वळ विणकर नसतो. त्याच्याकडे थोडी जमीन असते, मेंढ्या असतात, तो सरपणासाठी पीट कापतो. घराशेजारच्या शेडमधला माग या सगळ्याच्या सवडीने चालतो. माग कारखान्यात गेला तर माणूसही शहरात जाईल, हे त्याला कळत होते. पुढे १९९०च्या दशकात दुप्पट रुंदीचा माग आला, पण पायांनी चालवायचा आणि घरी ठेवता येईल असा.

घर टिकले म्हणून सगळे टिकले असे मात्र नाही. बहुतेक विणकर गिरणीने दिलेल्या सुतावर गिरणीसाठी विणतात. २००६च्या सुमारास स्टॉर्नोवेची सर्वांत मोठी गिरणी एका बाहेरच्या उद्योजकाने घेतली आणि हजारो नमुन्यांऐवजी केवळ चार ठेवले. कायद्याचे एकही कलम मोडले गेले नव्हते, तरी अनेक माग थांबले. पुढच्याच वर्षी शॉबोस्ट गावची बंद गिरणी नव्या लोकांनी सुरू केली, म्हणून धंदा सावरला. कायदा नावाची राखण करतो. काम देण्याची हमी त्यात नाही.

आज या बेटांवर पाहुण्यांचा राबता मोठा आहे. स्काय बेटावरून बोट टार्बर्टला लागते. तिथे २०१५मध्ये मद्याची भट्टी सुरू झाली. तिच्या जिनमध्ये पाणबुड्याने हाताने काढलेले समुद्रशेवाळ असते. व्हिस्की मुरायला वर्षे लागतात. ती २०२३मध्ये बाजारात आली आणि तिचे नाव ठेवले ‘हेराख’, म्हणजे हॅरिसचा रहिवासी. स्टॉर्नोवेचे ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्त, ओटचे पीठ, चरबी आणि कांदा. आपल्याकडची रक्ती खाल्लेल्याला त्याची ओळख लगेच पटेल. त्यालाही २०१३पासून भौगोलिक मानांकन आहे. आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये एखादा स्वतंत्र विणकर पाहुण्यासमोर माग चालवून थेट कापड विकतो. रविवारी मात्र माग बंद. लुईसहून मुख्य भूमीकडे रविवारची बोट सुरू झाली तीच २००९मध्ये, आणि तीही विरोध पत्करून.

पण पाहुण्यांना राहायला घरे लागतात. हॅरिसची वस्ती दोन हजारांहूनही कमी. पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावरचे घर सुट्टीसाठी विकले गेले की तरुण कुटुंबाला जागा उरत नाही. १९९३च्या कायद्याने घरात विणण्याचे बंधन घातले. विणणाऱ्याला घर मिळेल याची तजवीज केली नाही. ती तजवीज लोकांनाच करावी लागत आहे. उत्तर हॅरिसची जमीन २००३मध्ये आणि पश्चिम हॅरिसची २०१०मध्ये रहिवाशांच्या विश्वस्त संस्थांनी आपल्याकडे घेतली, आणि परवडणारी घरे हा त्यांच्या कामाचा गाभा झाला.

म्हणून कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या वस्तूला मानांकन मिळाल्याची बातमी वाचली की मी आता आणखी एक गोष्ट शोधतो : ती वस्तू करणाऱ्याला त्याच गावात राहणे परवडते का? नाव कागदावर शंभर वर्षे टिकू शकते. माग चालायला मात्र त्या घरात संध्याकाळी दिवा लावणारे कोणीतरी असावे लागते.