पहिल्यातून थेट चौथ्यात: कॉर्व्हेटचा गिअर नेमका टाकतं कोण?

ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, अशांसाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेच उडवलेत. सगळे नाही.

तर कल्पना करा, तुम्ही अमेरिकेत आहात आणि मॅन्युअल गिअरची शेव्हरोले कॉर्व्हेट चालवताय. पुढे मोठं व्ही-8 इंजिन. सिग्नल सुटला, फर्स्ट टाकून आरामात निघालात, क्लच दाबला आणि सेकंडसाठी लिव्हर मागे ओढला. तर तो सेकंडमध्ये जातच नाही! बाजूला सरकतो आणि थेट फोर्थमध्ये जाऊन बसतो. डॅशबोर्डवर पहिल्यातून चौथ्यात जा, असं सांगणारा दिवा लागलेला. पहिल्यांदा अनुभव घेणाऱ्याला वाटतं, गिअरबॉक्स गेला.

गेलेला नसतो. याला म्हणतात ‘स्किप शिफ्ट’. जनरल मोटर्सचं अधिकृत नाव ‘कॉम्प्युटर एडेड गिअर सिलेक्शन’. 1989 च्या कॉर्व्हेटमध्ये नवा सहा गिअरचा मॅन्युअल आला, तेव्हापासूनची ही भानगड. काम अगदी साधं आहे. इंजिन गरम झालेलं, वेग ताशी 25-30 किलोमीटरच्या आसपास आणि ॲक्सिलरेटर हलकाच दाबलेला, हे तिन्ही जुळलं की कॉम्प्युटर गिअरबॉक्सवरच्या एका सोलेनॉइडला करंट देतो. तो सेकंडची वाट अडवतो. जोरात पळवलीत तर काहीच अडत नाही. म्हणजे हा सगळा प्रकार फक्त शांतपणे चालवणाऱ्याच्या नशिबी!

आता प्रश्न, हे कशासाठी? उत्तर 1978 च्या अमेरिकी कायद्यात आहे. तिथे ‘गॅस गझलर टॅक्स’ आहे. सरकारी टेस्टमध्ये एखाद्या नव्या कारचा आकडा गॅलनला 22.5 मैलांच्या खाली आला (आपल्या भाषेत लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटर), तर प्रत्येक गाडीमागे 1,000 डॉलरपासून 7,700 डॉलरपर्यंत कर बसतो. गंमत म्हणजे पिकअप ट्रक आणि एसयूव्ही यातून सुटलेल्या. या आकड्यात शहरातल्या ड्रायव्हिंगचं वजन 55 टक्के आणि हायवेचं 45. शहराच्या टेस्टमध्ये गाडी पुन्हा पुन्हा थांबते, पुन्हा निघते. प्रत्येक वेळी फर्स्टमधून फोर्थमध्ये गेली की थोडं थोडं पेट्रोल वाचतं आणि आकडा रेषेच्या वर जातो.

(कोणी म्हणेल, 2014 च्या मॅन्युअल कॉर्व्हेटच्या स्टिकरवर तर शहरात 17 आणि हायवेला 29 मैल होते, सरासरी 22.5 च्या खालीच. बरोबर. पण कर लागतो तो टेस्टच्या मूळ आकड्यावर. स्टिकरवरचा आकडा रस्त्यावरच्या वास्तवाजवळ यावा म्हणून कमी करून छापतात.)

पण पेट्रोल वाचतं का, हे समजून घेण्यासारखं आहे. शहाळ्यातली स्ट्रॉ बोटांनी दाबून पाणी ओढून बघा. पाणी कमी येतं आणि गाल दुखतात. पेट्रोल इंजिनाचं हळू चालताना हेच होतं. ताकद कमी हवी म्हणून थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद, आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढायची. ओढण्यातच ऊर्जा वाया जाते. याला पंपिंग लॉस म्हणतात. वरच्या गिअरमध्ये आरपीएम कमी होतं, तेवढीच ताकद काढायला झडप जास्त उघडावी लागते, म्हणजेच स्ट्रॉ मोकळी होते. वर घर्षणही कमी. आपल्या छोट्या हॅचबॅकला 25 च्या वेगाला फोर्थ टाकला तर ती धक्के खात बंद पडेल. मोठ्या व्ही-8 कडे इतका टॉर्क असतो, की हजार आरपीएमच्या खालीही कुरकुरत का होईना, ओढून नेतं.

सिलिंडर बंद करण्यामागेही हेच गणित. आठाचं काम चारांवर टाकायचं, म्हणजे त्या चारांना झडप उघडून मोकळा श्वास घेता येतो. जनरल मोटर्सच्या व्ही-8 मध्ये 1, 4, 6 आणि 7 नंबरचे सिलिंडर झोपी जातात. इंजिन ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिफ्टरमधली पिन सुटते, लिफ्टर आतल्या आत दबतो आणि व्हॉल्व्ह बंदच राहतात. आत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि परत फुलते, म्हणून तिथे फारसं काही वाया जात नाही. हेच चार का? फायरिंगचा क्रम 1-8-7-2-6-5-4-3 असा आहे. एकाआड एक सोडून बघा, म्हणजे कळेल.

मॅन्युअलमध्ये मात्र याची पंचाईत होते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, चार सिलिंडरांची थरथर तो बरीचशी पिऊन टाकतो. गिअरही कॉम्प्युटरच ठरवतो, त्यामुळे पुढच्या सेकंदाला काय होणार हे त्याला माहीत असतं. मॅन्युअलमध्ये क्लच जोडला की जोडला, थरथर थेट तुमच्यापर्यंत. आणि तुम्ही कधी क्लच दाबणार, कधी पाय काढणार, हे कॉम्प्युटरला कुठून कळणार? म्हणूनच 2010 च्या कॅमॅरो एसएसमध्ये सिलिंडर बंद होणारं इंजिन फक्त ऑटोमॅटिकला मिळालं. डॉजच्या 5.7 लिटर चॅलेंजरचंही तेच: ऑटोमॅटिकला सिलिंडर बंद, मॅन्युअलला स्किप शिफ्ट.

2014 च्या कॉर्व्हेटने सात गिअरच्या मॅन्युअललाही सिलिंडर बंद करायची सोय दिली, पण फक्त इको मोडमध्ये. नॉबने इको निवडलात तरच व्ही-8 चं व्ही-4 होणार. गाडी सुरू होताना असतो त्या मोडमध्ये हायवेचा आकडा 28, इकोमध्ये 30. दोन्हींची सरासरी काढून स्टिकरवर 29! सॉफ्टवेअरवाला म्हणून मला यावर हसू येतं. डिफॉल्ट सेटिंग काय ठेवलंय, यावर छापील आकडा ठरतो.

माझं मत विचाराल तर इको मोड योग्य, स्किप शिफ्ट चूक. दोन्हींमागचं भौतिकशास्त्र एकच. पण एक आधी विचारतो आणि दुसरा चालत्या गाडीत हात धरतो. ऐन चौकात, मागे ट्रक असताना हवा तो गिअर न मिळणं म्हणजे नुसती गैरसोय नाही. पण याला फसवणूक म्हणणंही बरोबर नाही. 2015 मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन डिझेल प्रकरणात सॉफ्टवेअर टेस्ट ओळखून वेगळं वागत होतं. स्किप शिफ्ट टेस्टमध्ये आणि रस्त्यावर सारखंच वागतं, आणि मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलंही असतं. फक्त रस्त्यावर त्याचा उपयोग होत नाही, कारण लोक त्याला चुकवतात. जरा जास्त ॲक्सिलरेटर दाबतात, किंवा फर्स्टमध्येच वेग वाढवून मग सेकंड टाकतात, म्हणजे वाचवायचं ते पेट्रोल तिथेच जातं! काहीजण एक छोटा प्लग विकत आणतात. सोलेनॉइडची वायर काढायची, त्या जागी रेझिस्टर असलेला प्लग लावायचा. कॉम्प्युटरला वाटतं सोलेनॉइड जागेवर आहे. आमच्या भाषेत, सरळ मॉक लावला.

आपल्याकडे स्किप शिफ्ट नाही, पण मॅन्युअलमध्ये सिलिंडर बंद होण्याचा अनुभव घेता येतो. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि व्हर्टसचं 1.5 लिटर टर्बो इंजिन मॅन्युअलमध्येही आलं आणि ते हलक्या पायाने चालवताना चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद करतं. तुमच्या ओळखीत कोणाकडे असेल तर एक्स्प्रेसवेवर शेजारी बसून बघा. स्क्रीनवर टू-सिलिंडर मोड दिसेल तेव्हा डोळे मिटा आणि चार कधी झाले, ते नुसतं ऐकून सांगता येतंय का बघा. जमलं तर कमेंटमध्ये कळवा.